पंचाहत्तरांतले सात: अर्थशास्त्राचे प्राध्यापक हात आखडता घेतात का?

वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरणाऱ्यांच्या मनात एक यादी पक्की असते. अमुक पेशाचा माणूस दारात उभे करणार नाही, तमुक पेशाचा मागण्याआधी खिशात हात घालील. ही यादी जुन्या कार्यकर्त्यांकडून नव्यांकडे जाते, पण ती पडताळून कोणी पाहत नाही. पडताळणी सोपीही नाही. पेशा, मिळकत, शिक्षण, घरात खाणारी तोंडे किती, मागायला कोण आले आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला आले, हे सगळे एकमेकांत गुंतलेले असते. त्यातून पेशाचा धागा सुटा काढायला चिकाटी लागते.

एका पेशाबाबत मात्र हा धागा सोडवण्याचे काम चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. तो पेशा अर्थशास्त्राचा. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पहिल्याच काही धड्यांत माणूस स्वतःचा फायदा पाहून निर्णय घेतो असे गृहीत धरलेले असते. रस्त्यावरचा दिवा, वाचनालय, बंधारा अशा सामाईक सोयींसाठी प्रत्येक जण दुसऱ्याने द्यावे याची वाट पाहील, हेही तिथेच शिकवतात. मराठीत याला आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे म्हणतात. जे लोक हा सिद्धांत रोज फळ्यावर लिहितात, ते स्वतः तसेच वागतात का? या प्रश्नावर अमेरिकेत जी पाहणी झाली तिचे हे प्रकरण.

सुरुवात: ४९ आणि २०

१९८१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेराल्ड मार्वेल आणि रूथ एम्स या समाजशास्त्रज्ञांनी एका प्रयोगमालेचा पुढचा भाग प्रसिद्ध केला. प्रयोगाची मांडणी साधी होती. प्रत्येकाला सुरुवातीला काही रक्कम मिळते. ती दोन खात्यांत हवी तशी वाटायची. खासगी खात्यात टाकलेले तेवढेच परत मिळते. सामाईक खात्यात टाकलेले दुपटीहून थोडे जास्त होते, पण ते गटातल्या सगळ्यांमध्ये वाटले जाते, ज्याने काहीच टाकले नाही त्यालाही. सगळ्यांनी सगळे सामाईक खात्यात टाकले तर प्रत्येकाचे भले होते. एकट्याचा हिशेब केला तर न टाकणाराच फायद्यात राहतो.

इतर सहभागींनी आपल्या रकमेतले सरासरी ४९ टक्के सामाईक खात्यात टाकले. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी २० टक्के टाकले.

या आकड्यांपेक्षाही आम्हाला त्यातला एक बारीक तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रयोगानंतर सगळ्यांना विचारले होते की सामाईक खात्यात किती टाकणे न्याय्य ठरले असते. अर्थशास्त्राच्या एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थ्यांनी एकतर उत्तर दिलेच नाही, किंवा इतके गुंतागुंतीचे दिले की ते कोणत्याच रकान्यात बसवता आले नाही. ‘न्याय्य किती’ हा प्रश्न इतरांना सरळ वाटला आणि यांना अडचणीचा वाटला. दान मोजताना असा अडखळलेला माणूस आकड्यांत दिसत नाही. म्हणून ‘किती दिले’ याच्या शेजारी ‘किती द्यायला हवे होते असे वाटते’ हा प्रश्न विचारून ठेवावा. दोन्ही उत्तरांतले अंतर पुढे फार उपयोगी पडते.

पण हे विद्यार्थी होते आणि हा खेळ होता. पेशाचा प्रश्न यातून सुटत नाही.

पाहणी: १२४५ पत्रे

कॉर्नेल विद्यापीठातले रॉबर्ट फ्रँक, थॉमस गिलोविच आणि डेनिस रीगन यांनी १९९३ मध्ये जे प्रसिद्ध केले ते पेशाच्या जवळ जाणारे होते. त्यांनी २३ विषयांच्या व्यावसायिक नामसूचींमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखे १२४५ प्राध्यापक निवडले आणि त्यांना प्रश्नावली पाठवली. वर्षाला कोणत्या धर्मादाय कामाला किती देता, असे प्रश्न त्यात होते. पुरेशा तपशिलासह ५७६ उत्तरे आली, म्हणजे ४६ टक्के.

निवड हुशारीची होती. सगळेच प्राध्यापक असल्यामुळे शिक्षण, कामाचे स्वरूप, सुट्ट्या आणि पगाराची पद्धत बरीचशी सारखी. डॉक्टर आणि रिक्षाचालक यांची तुलना केली असती तर पेशा कुठे संपतो आणि मिळकत कुठे सुरू होते हे कळले नसते. इथे फरक राहतो तो मुख्यतः विषयाचा.

सात गट पाडले: अर्थशास्त्र ७५, इतर सामाजिक शास्त्रे १०६, गणित-संगणक-अभियांत्रिकी ४८, निसर्गविज्ञाने ९८, मानव्यविद्या ९४, वास्तुकला-चित्रकला-संगीत ६८, आणि व्यावसायिक अभ्यासक्रम शिकवणारे ८७.

कुठल्याही धर्मादाय कामाला एक डॉलरही न देणाऱ्यांचे प्रमाण अर्थशास्त्रात ९.३ टक्के निघाले. व्यावसायिक अभ्यासक्रमांत ते १.१ टक्के होते आणि उरलेल्या पाच गटांत २.९ ते ४.२ टक्क्यांच्या दरम्यान. शिवाय अर्थशास्त्रज्ञांची मिळकत सर्वसाधारणपणे जास्त असूनही, प्रेक्षकांच्या देणग्यांवर चालणारी दूरचित्रवाणी आणि ‘युनायटेड वे’ यांसारख्या मोठ्या संस्थांना त्यांनी दिलेली मध्यक रक्कम सर्वांत कमी देणाऱ्या गटांत मोडत होती. मध्यक म्हणजे सगळ्या रकमा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी. देणग्यांच्या हिशेबात सरासरीपेक्षा हीच पाहावी, कारण एका दानशूराने लाख दिले की सगळ्या गल्लीची सरासरी चढते.

मिळकतीच्या मानाने किती अपेक्षित होते याचे गणित मांडल्यावर अर्थशास्त्रज्ञांनी अपेक्षेच्या सुमारे ९१ टक्के दिल्याचे आढळले. स्वयंसेवेचे तास, मतदान अशा इतर बाबतींत ते बाकीच्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते.

सात माणसे

९.३ टक्के हा आकडा पुढे खूप फिरला. तो जवळून पाहायला हवा.

७५ चे ९.३ टक्के म्हणजे ७. या सगळ्या प्रकरणातली ‘काहीच न देणारी’ अर्थशास्त्रज्ञ मंडळी सात आहेत. व्यावसायिक गटातले १.१ टक्के म्हणजे ८७ पैकी एक माणूस. ४.२ टक्के हा आकडा ४८ पैकी २ असाच जुळतो आणि २.९ टक्के ६८ पैकी २ असा. या सातांपैकी चौघांनी वर्षभरात कुठल्याशा पेटीत पाच-पाच डॉलर टाकले असते, तर अर्थशास्त्राचा टक्का ४ वर येऊन बाकीच्या गटांत मिसळून गेला असता. एवढ्या बारीक धाग्यावर ‘अर्थशास्त्रज्ञ कंजूष’ हे वाक्य लटकलेले आहे.

म्हणून फरक खोटा ठरत नाही. इतर गटांच्या प्रमाणाने ७५ माणसांत दोन-तीन शून्ये अपेक्षित होती, आढळली सात. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नाही. पण पेशाबद्दल निवाडा द्यायला सात माणसे थोडी आहेत.

दुसरे असे की, सात जणांनी शून्य दिले आणि उरलेल्या ६८ जणांनी अपेक्षेइतके दिले असे धरले, तर गटाची एकूण देणगी अपेक्षेच्या ६८ भागिले ७५, म्हणजे ९०.७ टक्के होते. पाहणीत आढळलेल्या ९१ च्या अगदी जवळ. हा हिशेब आमचा आहे आणि ढोबळ आहे: अपेक्षेच्या आकड्यात इतर गटांतली थोडी शून्येही मिसळलेली असणार, आणि मोठ्या संस्थांबाबतची कमी मध्यक सांगते की तूट फक्त या सातांची नाही. तरीही तूट गटभर सारखी पसरलेली आहे की काही मोजक्यांच्या कोपऱ्यात साचली आहे, हे आधी पाहिले पाहिजे. ‘या पेशाचे लोक नऊ टक्के कमी देतात’ आणि ‘या पेशातले थोडे लोक काहीच देत नाहीत, बाकीचे इतरांसारखे देतात’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या बाबतीत सगळ्यांकडून थोडे जास्त मागावे लागते, दुसऱ्या बाबतीत सात दारे वगळून पुढे जायचे असते.

तिसरी त्रुटी उत्तर न देणाऱ्यांची. निम्म्याहून जास्त पत्रे निष्फळ ठरली. न देणारा माणूस देणग्यांबद्दलची प्रश्नावली बाजूला ठेवण्याचा संभव जास्त, म्हणून सगळ्याच गटांतली शून्ये कमी दिसत असावीत. अर्थशास्त्रज्ञाला ‘मी काही देत नाही’ असे लिहायला इतरांइतका संकोच वाटत नसेल, तर ९.३ टक्क्यांतला काही भाग कंजूषपणाचा नसून सरळ बोलण्याचा ठरतो. प्रश्नावलीतून हे दोन वेगळे करता येत नाहीत.

याच अभ्यासात विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून खेळवलेले २६७ डावही होते. समोरच्याशी सहकार्य करायचे की त्याला फसवून जास्त मिळवायचे, हे प्रत्येकाने गुप्तपणे ठरवायचे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ६०.४ टक्के वेळा दगा दिला, इतरांनी ३८.८ टक्के वेळा. मात्र ज्या डावांत आधी मोकळेपणाने बोलायला आणि शब्द द्यायला मुभा होती, तिथे हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. समोरासमोर शब्द दिला की कुठल्याही विषयाचा विद्यार्थी तो पाळायला धडपडतो. दारावर जाऊन मागितलेली वर्गणी आणि गटावर टाकलेला निरोप यांतला फरक कार्यकर्त्यांना ठाऊक असतो, त्याचे हे प्रयोगातले रूप.

हरवलेले पाकीट

१९९६ मध्ये अँथनी येझर, रॉबर्ट गोल्डफार्ब आणि पॉल पॉपेन यांनी उलट बाजूने तपासले. लोक काय सांगतात किंवा खेळात काय करतात ते सोडा, खरे पैसे हातात आल्यावर काय करतात ते पाहा, असे त्यांचे म्हणणे. वॉशिंग्टनमधल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी ६४ पाकिटे वर्गांमध्ये ‘हरवली’: ३२ अर्थशास्त्राच्या वर्गांत, ३२ इतर विषयांच्या. पाकिटावर पत्ता आणि तिकीट, तोंड उघडे, आत दहा डॉलर रोख आणि उसने पैसे परत करत असल्याची चिठ्ठी. सापडणाऱ्याने फक्त पाकीट बंद करून पेटीत टाकायचे होते.

इतर वर्गांतून १० पाकिटे पैशांसह परत आली. अर्थशास्त्राच्या वर्गांतून १८ आली.

म्हणजे ३१ टक्क्यांविरुद्ध ५६ टक्के, आणि तेही उलट दिशेने. परक्याचे पैसे परत करणे म्हणजे औदार्य नव्हे, तो प्रामाणिकपणा, असा आक्षेप इथे येतो आणि तो रास्त आहे. पण त्या आक्षेपातूनच या विषयाची खरी अडचण समोर येते. खेळात सामाईक खात्यात टाकणे, वर्षभरात संस्थेला देणगी देणे, सापडलेले पैसे परत करणे, शेजाऱ्यासाठी एक तास देणे, या सगळ्यांना मिळून आपण ‘दानत’ असा एकच शब्द वापरतो. एका मापात जो पेशा तळाला असतो, तोच दुसऱ्या मापात वर येतो. माप बदलले की पेशांची उतरंड बदलते.

अर्जावरचे दोन चौकोन

फरक आहे असे धरले तरी तो आला कुठून? शिकून माणूस असा होतो, की मुळात असा असलेलाच त्या विषयाकडे वळतो? कुठल्याही पेशाबाबत हा प्रश्न पडतो. पोलीस कठोर होतो की कठोर माणूस पोलीस होतो? याचे उत्तर एकदाच केलेल्या पाहणीतून मिळत नाही. त्याच माणसाला आधी आणि नंतर मोजावे लागते.

ते करायची उत्तम संधी झुरिक विद्यापीठाच्या नोंदणी अर्जात होती. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला दर सत्राला नाव नोंदवताना ठरवावे लागे: अडचणीतल्या विद्यार्थ्यांना स्वस्त कर्ज देणाऱ्या निधीला ७ स्विस फ्रँक द्यायचे का, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या निधीला ५ फ्रँक द्यायचे का. दोन्ही, एक किंवा काहीच नाही. घरी बसून, कोणी पाहत नसताना, खऱ्या पैशांत. ब्रुनो फ्राय आणि स्टीफन मायर यांनी या नोंदी तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडला. शिकण्याने देणे कमी होत नाही, फरक पहिल्यापासूनचा असतो. शिवाय तो मुख्यतः व्यवसाय-व्यवस्थापनाच्या बाजूने अर्थशास्त्राकडे आलेल्यांत दिसतो. त्यांनी एकही व्याख्यान ऐकण्याआधीच चौकोन कमी वेळा भरलेले होते.

सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात योराम बाउमन आणि एलेना रोझ यांनी अशाच नोंदणीच्या वेळच्या देणग्या तपासल्या (२०११). अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतलेले तिथेही मुळातच कमी देणारे होते आणि शिक्षणाने त्यांच्यात फरक पडला नाही. पण ज्यांचा मुख्य विषय दुसरा होता आणि ज्यांनी अर्थशास्त्राचे काही वर्ग घेतले, त्यांचे देणे घटले. म्हणजे मुळात तसे असणाऱ्यांवर शिकवणुकीचा परिणाम झाला नाही, मधेच डोकावून गेलेल्यांवर झाला. एका प्रश्नाची दोन उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात, हे आम्हाला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाटते.

सिअ‍ॅटलच्या आकड्यांना एक पुस्ती हवी. देणग्या जात त्या गटांपैकी एक सार्वजनिक प्रश्नांवर चळवळ करणारा होता आणि दुसरा शिक्षणशुल्क कमी राहावे म्हणून काम करणारा. ‘शुल्क कमी ठेवणे योग्य नाही’ असे प्रामाणिकपणे मानणारा विद्यार्थी चौकोन रिकामा ठेवील. त्याला कंजूष म्हणता येत नाही. एखाद्याने मंदिराला दिले नाही आणि शाळेला दिले, तर मंदिराच्या वहीत तो शून्यच दिसतो.

आपल्या वहीत हे मोजायचे तर

गावात किंवा सोसायटीत असा हिशेब मांडायची इच्छा असलेल्यांनी वरच्या प्रकरणातल्या चुका आपल्याकडे कोणत्या रूपात येतात ते आधी पाहावे.

पहिली चूक वेळेची. गणेशोत्सवाची वर्गणी श्रावण-भाद्रपदात मागितली जाते. तेव्हा सोयाबीन, कापूस शेतात उभे असतात. बी, खत, फवारणीचा पैसा जाऊन बसलेला असतो आणि परत काहीच आलेले नसते. नोकरदाराचा पगार मात्र एक तारखेला जमा झालेला असतो. त्या महिन्याच्या पावत्यांवरून शेतकरी आणि नोकरदार यांची दानत तोलली, तर आपण दानत नव्हे, हातातली रोकड तोलतो. सुगीनंतरच्या सप्ताहाची वही शेजारी ठेवल्याशिवाय तुलना करू नये.

दुसरी चूक रूपाची. पावती रोख रकमेचीच फाडतात. किराणा दुकानदाराने महाप्रसादाला दिलेले तेलाचे डबे, शेतकऱ्याने दिलेले गव्हाचे पोते, गवंड्याने ओट्यासाठी दिलेले तीन दिवस, मंडपवाल्याने न घेतलेले भाडे, हे वहीत येत नाही, किंवा शेवटच्या पानावर ‘सौजन्य’ म्हणून येते. वहीत रोख, वस्तू, श्रम असे तीन रकाने आखावेत. वस्तूला त्या आठवड्याचा घाऊक भाव लावावा, किरकोळ नको, नाहीतर दुकानदाराचे दान फुगते. श्रमाला गावात चालू असलेला त्या कारागिराचा रोज लावावा. गवंड्याच्या दिवसाला मजुराचा रोज लावला तर त्याचे दान निम्म्यावर येऊ शकते.

एक दिवसाच्या पगाराचे उदाहरण घ्या. नैसर्गिक आपत्तीनंतर सरकारी कर्मचाऱ्यांचा एक दिवसाचा पगार मुख्यमंत्री सहायता निधीला जातो, हे महाराष्ट्रात अनेकदा घडले आहे. वर्षाच्या पगाराशी त्याचे प्रमाण ३६५ ला १, म्हणजे ०.२७ टक्के. समजा एखाद्या मजुराला वर्षात २०० दिवस काम मिळते आणि त्याने एक दिवस श्रमदान केले, तर त्याने अर्धा टक्का दिला. शिवाय पगारातली कपात परस्पर होते, ती नको असेल तर माणसाला उठून नकार कळवावा लागतो. श्रमदानाला मात्र उठून कुदळ हातात घ्यावी लागते. कपात वाईट असे नाही. मोठी रक्कम चटकन उभी राहते, तिचे मोल आहे. पण दोन्ही एकाच रकान्यात लिहू नयेत.

कराच्या कागदांवरूनही पेशांची तुलना करायचा मोह होतो. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०-जी खाली देणगीची वजावट मिळे ती २००० रुपयांपर्यंतच्या रोखीवर, त्यापुढे चेक किंवा बँकेतून दिलेल्यावर. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे केवळ शेती करणाऱ्याला ही पावती जपायचे कारणच नव्हते. त्या कागदांत पगारदार आणि व्यावसायिक उदार दिसणार आणि शेतकरी दिसणारच नाही.

आता शून्याबद्दल. वहीतले शून्य तीन प्रकारचे असते: मागितले आणि नाही म्हणाले, दार बंद होते, किंवा गेलोच नाही. तिन्हींना वेगळी खूण करावी. झोपडपट्टीच्या टोकाला, नव्याने राहायला आलेल्यांकडे, भाडेकरूंकडे कार्यकर्ते बऱ्याचदा जातच नाहीत, आणि वर्षाअखेरीस तिथले शून्य त्यांच्या नावावर चढते.

गटाचा आकार दहाच्या आत असेल तर टक्के काढूच नयेत. दहा दुकानदारांत एक माणूस म्हणजे दहा टक्के. सरळ ‘दहांपैकी एक’ असे लिहावे. तसे लिहिले की वाचणारा आपोआप सावध होतो.

आणि नोंद कुटुंबाच्या नावे ठेवावी, एका माणसाच्या नाही. घरचा मुलगा शिक्षक, वडील शेतकरी, सुनेचे शिवणकाम. पावती मात्र जो दाराशी आला त्याच्या नावाची. त्याला ‘शिक्षक’ म्हणून मोजायचे की ‘शेतकरी’ म्हणून? कुटुंबाची मुख्य मिळकत कशातून येते तो पेशा एका रकान्यात आणि पावती घेणाऱ्याचा पेशा दुसऱ्या रकान्यात लिहिला की पुढे दोन्ही तऱ्हांनी बेरीज करता येते.

प्रत्येक घराला एक क्रमांक द्यावा आणि तो दरवर्षी तोच ठेवावा. झुरिकच्या अर्जाचे काम आपल्याकडे ही वही करू शकते. पाच-सात वर्षांत काही घरे पेशा बदलतात: दुकान बंद करून कोणी नोकरीला लागतो, नोकरीतून निवृत्त होऊन कोणी शेतीकडे परततो, मजुरी करणारा स्वतःचा टेम्पो घेतो. त्या घरांची आधीची आणि नंतरची पाने समोरासमोर ठेवावीत. बदललेल्या घराच्या रांगेत लाल पेनाने फक्त वर्ष लिहावे, शेरा लिहू नये.